मिनोची सोपी वाट

ओसाकाला आलेल्या पाहुण्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक सकाळ किल्ला, एक संध्याकाळ दोतोनबोरीच्या दिव्यांत आणि उरलेला वेळ क्योतो-नाराच्या गाड्यांत. शहराच्या उत्तरेला डोंगर आहे, त्या डोंगरात दाट रान आहे आणि रानाच्या पोटात ३३ मीटर उंचीचा धबधबा आहे, हे त्याच्या यादीत नसतं. असलंच तर मराठी पाहुणा मनात म्हणतो, धबधबे बघायला इतक्या लांब कशाला यायचं? आपल्याकडे आषाढात घाटाच्या वळणावळणाला एकेक लागलेला असतो.

माझी भाची ओसाकात नोकरी करते. तिनं वाद घातला नाही. “मामा, तुझ्या गुडघ्यांना झेपेल असा इथे एकच डोंगर आहे,” एवढंच म्हणाली आणि हातात छत्री दिली. जून सरत आला होता. जपानातही तेव्हा पावसाळा असतो. त्याला ते त्सुयू म्हणतात. आपल्या पावसासारखा तो कोसळत नाही, दिवसभर कुरकुरत राहतो. या डोंगराचं, मिनोचं, नाव घेतलं की लोकांना नोव्हेंबरातली लाल पानं आठवतात. आम्ही त्यांच्या मोसमाच्या बरोबर उलट्या टोकाला निघालो होतो, आणि मला विचाराल तर हाच मोसम बरा. वाट मोकळी असते, नदीला पाणी असतं आणि मेपलची झाडं हिरवी असतात. मेपलचा हिरवा रंग लालपेक्षा कमी देखणा आहे असं कोणी आणि कधी ठरवलं, कोण जाणे.

उमेदा हे हांक्यू रेल्वेचं मुख्य स्टेशन. तिथून ताकाराझुका मार्गावरची मरून रंगाची गाडी धरायची, इशिबाशी हांदाइमाए स्टेशनात उतरायचं आणि मिनो शाखेची छोटी गाडी घ्यायची. ही शाखा अवघी चार किलोमीटरची. मध्ये साकुराई आणि माकिओची ही दोन स्टेशनं, आणि तिसरं मिनो. तिथे रूळ संपतात. उमेदापासून अर्धा तास पुरतो. इथे एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीची लाइन मिनो-कायानो नावाच्या नव्या स्टेशनापर्यंत वाढली. नावात मिनो असलं तरी धबधब्याची वाट तिथून सुरू होत नाही. फोनवर मार्ग शोधताना हांक्यूचं मिनो निवडलंय ना, एवढं बघून घ्यावं.

हा धबधबा नीट कळायचा तर आधी ही रेल्वे कळावी लागते. १० मार्च १९१० रोजी ‘मिनो-आरिमा विद्युत रेल्वे’ या कंपनीची पहिली गाडी सुटली. नावातलं मिनो म्हणजे हा धबधबा, आणि आरिमा म्हणजे डोंगरापलीकडचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव. गंमत अशी, की या कंपनीचे रूळ आरिमापर्यंत कधी पोचलेच नाहीत. ते ताकाराझुकाला थांबले. शेतांतून आणि टेकड्यांच्या पायथ्यानं जाणाऱ्या या गाडीत बसणार कोण, हा प्रश्न तेव्हाच्या शहाण्यांना पडला होता. कंपनीचा कर्ताधर्ता इचिझो कोबायाशी यानं त्यावर उपाय काढला, तो प्रवासी तयार करण्याचा. रुळांलगत जमिनी घेतल्या, इकेदा गावाजवळ घरं बांधली आणि ती हप्त्यांवर विकली. म्हणजे माणूस रोज सकाळी शहराकडे जाणार. पण सुट्टीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावणार, त्याचं काय? म्हणून रुळांच्या दुसऱ्या टोकाला करमणूक हवी. मिनोला १९१० मध्येच प्राणिसंग्रहालय उघडलं. ताकाराझुकाला १९११ मध्ये गरम पाण्याची स्नानगृहं झाली आणि १९१४ पासून मुलींच्या नाचगाण्याचे प्रयोग सुरू झाले, ते आजही जोरात चालू आहेत. १९२९ मध्ये उमेदा स्टेशनालाच लागून डिपार्टमेंट स्टोअर उभं राहिलं. जपानातल्या खासगी रेल्वे कंपन्या आजही बऱ्याच अंशी याच हिशेबावर चालतात: गाडी आपली, घर आपलं, दुकान आपलं आणि रविवारची सहलही आपलीच.

आपल्याकडे त्याच सुमाराला, १९०७ मध्ये, नेरळहून माथेरानला गाडी चढू लागली. तीही हवा खायला जाणाऱ्यांसाठीच होती. पण कोबायाशीची नजर हवेपेक्षा मासिक पासावर जास्त होती.

मिनोचं प्राणिसंग्रहालय फार टिकलं नाही. १९१६ मध्ये ते बंद झालं आणि कंपनीनं आपलं सगळं बळ ताकाराझुकाकडे वळवलं. तिकडे नाट्यगृहं आली, गर्दी आली. मिनोला रान उरलं. धबधब्याच्या बाबतीत मी हे नशीबच समजतो. वाघ-हत्ती आणि पाळणे राहिले असते, तर आज या वाटेवर आपण धबधबा बघायला चालत गेलो नसतो.

स्टेशनाबाहेर पडलं की वाट शोधावी लागत नाही. समोरचा अरुंद रस्ता सरळ डोंगराच्या खिंडीत शिरतो, आणि त्याच्या तोंडाशीच तळणीचा वास येतो. दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, दारात कढया. त्या कढयांमध्ये काय तळलं जातंय ते परतीच्या वाटेवर सांगतो. जाताना पोट हलकं असलेलं बरं. थोडं पुढे डाव्या-उजव्या हाताची घरं विरळ होतात, मिनो नदी सोबतीला येते आणि मग ती धबधब्यापर्यंत बाजू सोडत नाही. मागे वळून पाहिलं तर झाडांच्या वर एका गरम पाण्याच्या हॉटेलाचा उंच लिफ्टचा मनोरा दिसतो. तेवढं एक शहर डोकं वर काढून बघत असतं.

स्टेशन ते धबधबा २.८ किलोमीटर. माझ्यासारख्या थांबत-थांबत चालणाऱ्याला तास लागतो, घाईवाल्याला चाळीस मिनिटं. वाट पक्की बांधलेली आहे आणि चढ इतका बेताचा की चढतोय हे पोटऱ्यांना कळत नाही. आमच्या पुढे एक आजीबाई रबरी बूट घालून, हातातली पिशवी सांभाळत चालल्या होत्या आणि शेवटपर्यंत त्यांनी आम्हाला गाठू दिलं नाही. बाबागाड्या जातात. ट्रेकिंगचे बूट, काठ्या, पाठीवरची बोचकी यांची काही गरज नाही. स्वच्छतागृहं वाटेवर आहेत, पेयांची यंत्रं आहेत, दर थोड्या अंतरावर बाक आहेत. सह्याद्रीत हाडं मोडून घेतलेल्या माणसाला हे सगळं जरा लाजिरवाणं वाटतं. पण ते वाटणं पहिल्या वळणापर्यंतच टिकतं. कारण रान मात्र खरं आहे. एका अंगाला ओला कातळ, त्यावर नेच्यांचे झुबके. दुसऱ्या अंगाला नदी, आणि तिच्यावर दोन्ही तीरांवरून वाकलेले मेपल. पाऊस पानांवर पडतो आणि छत्रीवर बऱ्याच उशिरानं येतो.

कठड्यालगत ओल्या पानांमध्ये काहीतरी हललं म्हणून मी वाकलो. अंगठ्याच्या पेराएवढा, विटकरी रंगाचा खेकडा होता. एक नांगी मोठी, एक लहान. छत्रीची सावली पडताच तो जागच्या जागी थबकला, नांग्या पोटाशी घेतल्या आणि आपण दगड आहोत असं आम्हाला पटवून देऊ लागला. जपानी लोक याला सावागानी म्हणतात. हा समुद्राचं तोंड कधी बघत नाही. समुद्री खेकड्यांची पिल्लं आधी पाण्यावर तरंगणाऱ्या अळ्यांच्या रूपात असतात. याच्या मादीच्या पोटाखालच्या अंड्यांतून मात्र थेट चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. वाहत्या ओढ्यात तरंगणारी अळी टिकणार कशी? ती वाहून खाडीत जायची. सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहणाऱ्या खेकड्यांनीही नेमकी हीच सोय करून घेतली आहे. एवढ्या अंतरावरच्या दोन डोंगरांत प्रश्न एकच, म्हणून उत्तरही एकच. भाची म्हणाली, “मामा, तू धबधबा बघायला आलायस.” आम्ही पुढे निघालो.

पण किडामुंगी बघत रेंगाळणाऱ्यांची इथे जुनी परंपरा आहे. तोक्योजवळचा ताकाओ डोंगर, क्योतोजवळचं किबुने आणि हे मिनो, ही जपानातल्या कीटकवेड्यांची तीन पंढरपुरं. म्हणून वाटेवर, अगदी नदीच्या काठाला, कीटकांचं संग्रहालय आहे. आत काचेच्या पेट्यांत टाचण्यांनी टोचलेले भुंगे आहेत, ते असतातच. खरी मजा फुलपाखरांच्या उबदार खोलीत. दोन दारं एकामागून एक उघडून आत जायचं, आणि आत फुलपाखरं मोकळी. त्यांत पांढऱ्या कागदावर शाई उडावी तसं दिसणारं एक मोठं, आळशी फुलपाखरू सगळ्यांत जास्त. पंख हलवणं हा त्याला नाइलाज वाटत असावा. हे ओकिनावाकडच्या बेटांवरचं. आपल्या पश्चिम घाटातल्या सदाहरित रानात उडणारं मलबार ट्री निम्फ हे याच्याच कुळातलं, याच वंशाचं. आंबोलीच्या पुढच्या रानांत ते पाहिलेल्या माणसाला ही आळशी चाल लगेच ओळखू येईल. त्याचा कोष सोनेरी असतो, म्हणजे सोनेरी छटेचा नाही, दागिन्यासारखा चकचकीत सोनेरी. भिंतीवर असे दोन-तीन कोष टांगलेले होते आणि त्यांच्यापुढे शाळेतली मुलं नाकं चिकटवून उभी होती.

पुढे लाल पूल लागतो आणि पुलापलीकडे र्‍यूआनजी हे मंदिर. ही जागा मला धबधब्याइतकीच महत्त्वाची वाटते. सातव्या शतकातला तपस्वी एन नो ग्योजा यानं मिनोच्या धबधब्यापाशी साधना केली आणि इथे बेनझाइतेनची स्थापना केली, अशी परंपरा आहे. डोंगरात राहून, धबधब्याखाली उभं राहून, कडेकपारी चढून तप करणाऱ्यांचा शुगेन्दो नावाचा पंथ त्याला आपला मूळ पुरुष मानतो. आणि बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. सुवर्णप्रभास सूत्रासारख्या बौद्ध ग्रंथांसोबत ती चीनमार्गे जपानात आली. हातातली वीणा जाऊन तिथे बिवा आली, पण पाण्याचा संबंध सुटला नाही. तिची देवळं जपानभर नदीकाठी, तळ्याकाठी, बेटांवर सापडतात. मूळ सरस्वती नदीच होती, ती तिकडे जाऊन अजून पाण्यापाशीच बसलेली आहे. इथले डोंगरी साधू वर्षातून ठरावीक दिवशी उघड्यावर मोठा अग्नी पेटवतात. मंत्र म्हणत त्यात लाकडं टाकतात. तो विधी म्हणजे आपला होमच, वाटेत चेहरा थोडा बदललेला.

बेनझाइतेनकडे जपानात विद्येबरोबर धनाचंही खातं आलं. सात भाग्यदेवतांमध्ये तिची गणना होते. म्हणून या मंदिरात जपानातल्या सोडतीचा उगम झाला, यात विसंगत काही नाही. पूर्वी भाविक आपलं नाव लाकडाच्या फळीवर लिहून मोठ्या पेटीत टाकायचे. पुजारी वरच्या भोकातून लांब टोच्या खुपसायचा आणि ज्याची फळी टोच्याला लागेल तो नशीबवान. बक्षीस म्हणून पैसे नव्हते. मंदिराचा ताईत मिळायचा. पुढे हाच प्रकार शहरांत गेला, तिथे ताईताच्या जागी नाणी आली, लोकांना त्याचा नाद लागला आणि सरकारला बंदी घालावी लागली. मिनोत मात्र अलीकडे जुन्या पद्धतीची, ताईताचीच सोडत पुन्हा भरू लागली आहे.

वाटेच्या वरच्या अंगाला एक पुतळाही आहे, हिदेयो नोगुची या जंतुशास्त्रज्ञाचा. २००४ पासून २०२४ पर्यंत हजार येनच्या नोटेवर याचंच तोंड होतं, त्यामुळे अनोळखी माणूस ओळखीचा वाटतो. अमेरिकेत नाव कमावून तो १९१५ मध्ये मायदेशी आला, तेव्हा म्हाताऱ्या आईला घेऊन मिनोला आला होता. तिची तो ज्या मायेनं सेवा करत होता ती पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली आणि पुढे १९५५ मध्ये त्याचा पुतळा इथे उभा राहिला. संशोधनासाठी त्याचे पुतळे इतरत्र असतील. इथला आईसाठी आहे.

इथून धबधब्यापर्यंतचा तुकडा सगळ्यांत शांत. दरी अरुंद होते, नदीचा आवाज वाढतो. सूचनाफलकांवर माकडं दिसू लागतात, फलकांवरच. प्रत्यक्ष एकही दिसलं नाही. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, “ती एक वेगळी कथा आहे,” आणि कथा खरोखरच वेगळी निघाली. मिनोच्या डोंगरातल्या माकडांचा अधिवास १९५६ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून जाहीर झाला. त्याच काळात त्यांना खाऊ घालून खाली आणण्याचे उद्योग सुरू झाले. पर्यटक खूश, माकडं त्याहून खूश. पुढची पिढी माणसाच्या हातातलं खाणं हाच आपला व्यवसाय समजू लागली. पिशव्या हिसकावणं, दुकानात शिरणं, गाड्यांच्या टपावर बसून वसुली करणं, हे सगळं माथेरान पाहिलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. शेवटी शहरानं नियम केला आणि २०१० पासून माकडांना खायला देणाऱ्याला १०,००० येनपर्यंत दंड ठेवला. शिक्षा माणसाला, हे महत्त्वाचं. वाटेवर फुकटचं मिळेना म्हणून माकडं हळूहळू आत रानात गेली. आता दिसली तर नशीब. फलकांवर मात्र ती अजून दात विचकून बसलेली आहेत.

धबधब्याच्या थोडंसं अलीकडे रस्त्याच्या कडेला एक प्रचंड शिळा आहे, तोजिन मोदोरी इवा. आख्यायिका अशी की, चीनमधला कोणी एक बडा माणूस मिनोच्या धबधब्याची कीर्ती ऐकून इथवर आला. पण पुढचा डोंगर इतका बिकट दिसला की या शिळेपासूनच तो माघारी फिरला. मी त्या शिळेपाशी उभा होतो तेव्हा बालवाडीतली पोरं एकमेकांच्या हाताला धरून, पिवळ्या टोप्या घालून, गाणं म्हणत तिच्यापुढून चालत गेली. आजची सोपी वाट ही डोंगराची देणगी नाही, हे कळायला ही शिळा पुरे. कोणीतरी कातळ फोडला, कोणीतरी भिंत बांधली, कोणीतरी दर पावसानंतर दरड उचलतो. सप्टेंबर २०१८ मध्ये जेबी नावाचं वादळ ओसाकावर आदळलं, तेव्हा इथली झाडं आडवी झाली आणि वाट बंद ठेवावी लागली. मग पुन्हा माणसं लागली, आणि ती पुन्हा सोपी झाली.

मग एक वळण, आणि धबधबा.

३३ मीटर ही उंची कागदावर फार नाही. आपल्या घाटांत याच्या कितीतरी पट उंचीवरून पाणी पडतं. पण उंच धबधबे बहुधा लांबून पाहायचे असतात. मिनोत तुम्ही त्याच्या समोर, जवळजवळ अंगणात बसता. पाणी आधी एका बारीक, घट्ट धारेनं कातळाच्या खाचेतून सुटतं, मध्यावर एका उंचवट्यावर आपटून फाकतं आणि खाली कुंडात रुंद होऊन उतरतं. पावसात ते फाकणं अधिक रुंद असतं. डाव्या बाजूला छोटा पूल आहे, त्यावर उभं राहिलं की तुषार चष्म्यावर येतात. समोर बाक आहेत, चहाचं दुकान आहे. बालवाडीची पोरं डबे उघडून बसली होती. त्यांच्या बाई पाण्याकडे पाठ करून पोरं मोजत होत्या. कुंडात कोणी उतरलेलं नव्हतं, कोणी कातळावर चढलेलं नव्हतं. आमच्याकडे जून-जुलैत कर्जत-लोणावळ्याच्या धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात, कारण दरवर्षी कोणीतरी वाहून जातं. तो फरक लोकांच्या स्वभावाचा, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तो निम्मा तरी बांधकामाचा वाटला. जिथे बसायला बाक आहे आणि जिथून धबधबा नीट दिसतो, तिथे माणूस बसतो. जिथे चिखलाखेरीज काही नाही, तिथे तो पाण्यात उतरतो.

हे पाणी असं पडत राहावं म्हणून पंपही लागतात, आता त्यांची गोष्ट. या डोंगराच्या पोटातून उत्तर-दक्षिण जाणारा मोटारींचा बोगदा आहे, साडेपाच किलोमीटरहून लांब. तो २००७ मध्ये खुला झाला. बोगदा खणला की डोंगरात मुरलेलं पाणी त्या पोकळीकडे धाव घेतं, हा भूगर्भाचा साधा नियम. इथेही तेच झालं, वरच्या ओढ्यांचं पाणी कमी होऊ लागलं. ज्याच्या नावानं रेल्वे आली, उद्यान झालं, त्या धबधब्याचीच धार बारीक होण्याची वेळ आली. तेव्हा बोगद्यात झिरपणारं पाणी पंपांनी उचलून पुन्हा वर, नदीच्या पात्रात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. म्हणजे डोंगरानं गाळलेलं पाणी, बोगद्यानं पळवलेलं पाणी, विजेच्या खर्चानं परत डोंगरावर नेऊन धबधब्याला दिलं जातं. त्यावर आणखी एक थर आहे. जुलै १९६७ मध्ये या भागात मोठा पूर आला, म्हणून धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीवर धरण बांधलं गेलं. ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुरं झालं. त्यामुळे अति पाऊस झाला तरी नदी पूर्वीसारखी बेभान होत नाही, आणि आटलीच तर खालून पाणी येतं.

हे ऐकल्यावर काहींचा विरस होईल. माझा झाला नाही. रान राखायचं म्हटलं की ते हात न लावता सोडून द्यावं, असं आपण सहज म्हणतो. शहरापासून अर्ध्या तासावरच्या रानाला ती चैन परवडत नाही. त्याच्या पोटातून बोगदा जाणारच, त्याच्या डोक्यावर धरण येणारच. प्रश्न एवढाच, की घेतलेलं परत द्यायचं बिल कोणी भरायचं ठरवलंय का. मिनोत ते कोणीतरी भरतं. खरं तर बोगदा खणण्याआधीच पाण्याचा विचार पुरेसा व्हायला हवा होता, आणि पंप ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण समोर पडणारं पाणी पडत राहावं म्हणून कोणीतरी रोज एक बटण चालू ठेवतं, हे कळल्यावर मी त्याच्याकडे जरा जास्त आदरानं पाहिलं.

परतीची वाट उताराची, आणि तिच्या शेवटी त्या कढया. त्यांत तळली जात होती मेपलची पानं, मोमिजीची तेंपुरा. ही पानं खालून गोळा केलेली नसतात. खाण्यासाठी पिवळी पडणारी वेगळी जात लावतात. पानं तोडून धुतात, मिठात घालतात आणि वर्षभर तशीच ठेवतात. मग मीठ काढून, गव्हाचं पीठ, साखर आणि तीळ यांच्या दाट पिठात बुडवून मंद आचेवर तळतात. दुकानातल्या बाई दोन लांब काड्यांनी पान देठाला धरायच्या, पिठात एकदाच उलटायच्या आणि तेलात असं अलगद सोडायच्या, की पाचही टोकं पसरलेली राहावीत. एखादं टोक दुमडलं तर काडीच्या टोकानं ते उलगडायच्या. पीठ फुगून तांबूस झालं की पानाचा आकार त्यातून अर्धवट दिसायचा. या खाऊचा उगमही त्या तपस्व्यापाशीच नेऊन ठेवतात. तेराशे वर्षांपूर्वी त्यानं दिव्याच्या तेलात पानं तळून वाटसरूंना दिली, असं सांगतात. रेल्वे आल्यावर तो वाटसरू गिऱ्हाईक झाला, एवढं नक्की. चवीचं म्हणाल तर पानाला स्वतःची चव जवळजवळ नाहीच. तिळाची, गोडसर, कडक शंकरपाळी खाल्ल्यासारखं वाटतं. भाची म्हणाली, “पान फक्त आकारासाठी असतं, मामा.” आम्ही पाकीट घेतलं आणि मग आणखी एक घेतलं.

ज्यांना अजून चालायचंय त्यांच्यासाठी वाट धबधब्यापाशी संपत नाही. वर चढून पुढे गेलं की कात्सुओजी हे मंदिर लागतं. तिथे नवस फेडलेले लाल दारुमा बाहुले हजारोंनी ठेवलेले आहेत, कोनाकोपऱ्यात, दगडांच्या फटींत, कुठेही. आणि मिनो हे तोकाई नैसर्गिक पायवाटेचं पश्चिम टोक. या पायवाटेचं दुसरं टोक तोक्योजवळच्या ताकाओ डोंगरात, जवळपास १,७०० किलोमीटरवर. ताकाओ आणि मिनो ही दोन्ही रानं १९६७ मध्ये, मेइजी पर्वाच्या शताब्दीच्या निमित्तानं, जोडीनं निम-राष्ट्रीय उद्यानं म्हणून जाहीर झाली. मिनोचं क्षेत्र जेमतेम ९६० हेक्टर. ज्यांना मुळीच चालायचं नाही, त्यांना गाडीनं वरच्या वाहनतळावर येऊन थोडंसं उतरून धबधबा गाठता येतो. पण मग मंदिर, खेकडा आणि शिळा हे सगळं हुकतं.

जूनच्या रात्री इथे नदीकाठी काजवे असतात. लाल पानांसाठी यायचं तर नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरची सुरुवात धरावी, आणि तेव्हा रविवार कटाक्षानं टाळावा, कारण वाट खांद्याला खांदा लावून भरते. रविवारशिवाय जमतच नसेल तर सकाळी आठच्या आत मिनो स्टेशनात उतरावं. तेव्हा कढया पेटलेल्या नसतात, पण पानं परतीच्या वाटेवरच घ्यायची असतात.